जुन्या भागांचे कोठार आणि लेखकाचा वाटा

वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी कामगारांनी एक दिवस काम थांबवले, की त्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी नवी मुंबईतील भाजीच्या गाड्यांवर दिसू लागतो. पालेभाजी कोठारात ठेवता येत नाही. त्यामुळे ती उचलणाऱ्या हातांची किंमत व्यापाऱ्याला तत्काळ कळते. दूरचित्रवाणीच्या मालिका लिहिणाऱ्या लेखकाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याने लेखणी खाली ठेवली तरी नेरूळच्या वा पनवेलच्या घरात संध्याकाळी सात वाजता संच लावल्यावर पडदा उजळतोच. त्यावर दिसणारा भाग गेल्या महिन्यातला असेल, दहा वर्षांपूर्वीचा असेल किंवा दुसऱ्या भाषेतून आणलेला असेल. पण पडदा कोरा राहत नाही. लेखकांच्या लढ्यांचे सारे अर्थशास्त्र या एका वस्तुस्थितीभोवती फिरते.

म्हणूनच संपानंतर वाहिन्यांचे वेळापत्रक कसे बदलते, हा प्रश्न केवळ रसिकांच्या गप्पांचा विषय नाही. कारखान्याचा हिशेब जसा त्याच्या गोदामात उमगतो, तसा दूरचित्रवाणीच्या धंद्याचा हिशेब तिच्या वेळापत्रकात उमगतो. काम थांबले असता मालक कोणत्या मालावर दिवस काढतो, कोणता पर्यायी माल शोधतो, आणि काम पुन्हा सुरू झाल्यावर त्यातले काय कायम ठेवतो, हे त्या वेळापत्रकात लिहिलेले असते. ते वाचता आले तर लेखक कोठे बलवान आहे आणि कोठे दुर्बल, हेही कळते.

या विषयाचा दीर्घ अनुभव अमेरिकेजवळ आहे. तेथील पटकथालेखकांची संघटना १९६० साली जानेवारी ते जून असे सुमारे पाच महिने संपावर होती. चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवला गेला तर लेखकाला त्यातला वाटा मिळावा, आणि लेखकांसाठी निवृत्तिवेतन व आरोग्य निधी असावा, ही तत्त्वे त्या संपातून प्रस्थापित झाली. १९८८ मध्ये पुन्हा संप झाला. तो ७ मार्चपासून ७ ऑगस्टपर्यंत चालला आणि वादाचा एक मुख्य मुद्दा पुनःप्रक्षेपणाच्या मोबदल्याचाच होता. त्या वर्षी शरद ऋतूतील नव्या मालिकांचा हंगाम, जो एरवी सप्टेंबरात सुरू होतो, तो लांबणीवर पडला. एका वाहिनीने तर ‘मिशन इम्पॉसिबल’ या जुन्या मालिकेच्या पूर्वीच्याच काही संहिता बाहेर काढून ती ऑस्ट्रेलियात नव्याने चित्रित केली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ‘कॉप्स’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलिसांच्या मागे कॅमेरा फिरवायचा, की झाला कार्यक्रम! त्याला ना संवाद लागत, ना पटकथा. संप मिटला, परंतु हा प्रकार मिटला नाही. तो दशकानुदशके चालू राहिला.

५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८ असा शंभर दिवसांचा संप झाला तेव्हा वाद इंटरनेटवरील प्रक्षेपणाच्या वाट्याचा होता. त्या हंगामातील अनेक मालिकांचे भाग घटले आणि रिकाम्या जागा स्पर्धांच्या व ‘रिॲलिटी’ कार्यक्रमांनी भरल्या गेल्या. एरवी उन्हाळ्यात येणारा ‘बिग ब्रदर’ त्या वर्षी फेब्रुवारीतच पडद्यावर आला. २०२३ मध्ये २ मेपासून १४८ दिवस लेखक पुन्हा संपावर गेले आणि जुलैत अभिनेतेही त्यांना मिळाले. सप्टेंबरात होणारा एमी पुरस्कारांचा समारंभ जानेवारी २०२४ वर गेला. एका बड्या वाहिनीने आपल्याच समूहाच्या दुसऱ्या वाहिनीवरील ‘यलोस्टोन’ ही जुनी मालिका आणि ‘घोस्ट्स’ची ब्रिटिश आवृत्ती आणून शरद हंगाम सजवला.

या चार संपांतून एक सूत्र हाती लागते. काम थांबताच मालकाजवळ तीन उपाय असतात: जुना साठा काढणे, लेखकावाचून चालणारा माल बनवणे, आणि दुसरीकडून माल आणणे. यांतला पहिला उपाय तात्पुरता असतो, कारण साठ्यालाही प्रेक्षक कंटाळतो. दुसरा आणि तिसरा मात्र एकदा रुळले की संपाबरोबर संपत नाहीत. वेळापत्रकातील जी जागा लेखकाने सोडली, ती त्याच्या परतण्याची वाट पाहत रिकामी राहत नाही.

महाराष्ट्राला हे सूत्र नवे वाटण्याचे कारण नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. गिरणीमालकांच्या गोदामांत न विकलेले कापड होते. आरंभीचे महिने त्यावर निघाले. पुढे कापडाची गरज भिवंडीच्या यंत्रमागांनी भागवली. त्या संपाचा अधिकृत शेवट कधी जाहीर झालाच नाही. पण गिरणगावातले काम यंत्रमागांकडे गेले ते परत आले नाही. कामगारांच्या मागण्या अवास्तव होत्या किंवा नव्हत्या, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. ज्या उद्योगात साठा मोठा आणि पर्याय जवळ, त्या उद्योगात संपाचा कालावधी जितका वाढतो तितका तो मालकाच्या पथ्यावर पडतो, हे त्यातून ध्यानात घ्यावयाचे. दूरचित्रवाणीच्या बाबतीत गोदामाची जागा जुन्या भागांनी घेतली आहे आणि यंत्रमागाची जागा ‘रिॲलिटी’ कार्यक्रमांनी व आयात कथांनी.

आपल्याकडील या स्वरूपाचा ठळक प्रसंग २००८ चा. १ ऑक्टोबर रोजी पश्चिम भारतातील चित्रपट कर्मचाऱ्यांच्या महासंघाने काम बंद केले. वेतन वेळेवर मिळावे, कामाच्या तासांना मर्यादा असावी, झालेले करार पाळले जावेत, अशा मागण्या होत्या. लेखकांची संघटना या महासंघाच्या अनेक घटकांपैकी एक. त्यामुळे हा केवळ लेखकांचा लढा नव्हता. काही दिवसांत समेट झाला, पण नोव्हेंबरात वेतनदरांवरून पुन्हा बिनसले. मालिकांचे चित्रीकरण थांबले आणि हिंदी वाहिन्यांवर नव्या भागांऐवजी जुने भाग दिसू लागले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील साप्ताहिक मालिकेचे अनेक भाग आगाऊ तयार असतात. आपल्याकडील दैनंदिन मालिका हातातोंडाची गाठ घालत चालते. आज चित्रित झालेले काही दिवसांतच दाखवायचे, अशी तिची रीत. त्यामुळे येथे काम थांबल्याचा चटका वाहिनीला महिन्यांनी नव्हे, आठवड्याभरातच बसतो.

तो चटका खरा होता, म्हणून महिना संपण्यापूर्वी तडजोडही झाली. आणखी एक कारण असे, की हा उद्योग तेव्हा वाढता होता. ‘कलर्स’ ही हिंदी वाहिनी त्याच वर्षी जुलैत आली होती, तर ‘स्टार प्रवाह’ ही मराठी वाहिनी त्याच नोव्हेंबरात सुरू झाली. आठ वर्षे चाललेली ‘क्यों की सास भी कभी बहू थी’ ६ नोव्हेंबर रोजी संपली होती, आणि प्रेक्षक कोणाकडे वळतो याची झुंज चालू होती. १९८२ च्या गिरणीमालकाला गिरणी बंद राहिल्याचे दुःख नव्हते. २००८ च्या वाहिनीला मात्र पडद्यावरची आपली जागा जाण्याचे भय होते. वाढत्या धंद्यात कामगाराचे ऐकले जाते आणि उतरत्या धंद्यात ते ऐकले जात नाही, हा अर्थशास्त्रातील जुनाच अनुभव येथेही आला.

परंतु त्यानंतरच्या काळात साठ्याची ताकद सर्वांनाच नव्याने कळली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे चित्रीकरणे थांबली. संप नव्हता, पण परिणाम संपासारखाच होता. २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवण्यास प्रारंभ केला आणि १९८७-८८ सालची ती मालिका पाहण्यासाठी इतके प्रेक्षक जमले, की दूरदर्शनची राष्ट्रीय वाहिनी काही आठवडे देशातील वाहिन्यांच्या अग्रभागी जाऊन बसली. खासगी मराठी वाहिन्यांनीही आपल्या जुन्या मालिका बाहेर काढल्या. नवे भाग परतले ते जुलैत. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आले, तेव्हा दुसराही धडा मिळाला. अनेक मालिकांनी आपला संसार गोवा, दमण, सिल्व्हासा, हैदराबाद येथे हलवला. गोव्याने मेच्या प्रारंभी परवानग्या मागे घेतल्यावर काहींना पुन्हा जागा शोधावी लागली. घराचा दिवाणखाना उभारण्यास गोरेगावच लागते असे नाही, हे त्यातून निर्मात्यांना समजले.

मग आजच्या वेळापत्रकात लेखकाचे स्थान काय? सायंकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंतच्या मुख्य वेळेत एकेक मालिका आठवड्याचे सहा-सात दिवस चालते. तोच भाग रात्री उशिरा, दुसऱ्या दिवशी सकाळी वा दुपारी पुन्हा दिसतो आणि शिवाय भ्रमणध्वनीवरील मंचावर हवा तेव्हा पाहता येतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी कामाची वाटणी असल्याने एकाला बाजूला सारून दुसरा आणणे कठीण नसते. पुष्कळ कथा तर मुळातच परभाषेतून येतात. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका बंगालीतील ‘श्रीमोयी’वरून आली आणि ‘रंग माझा वेगळा’ मल्याळममधून. ही देवाणघेवाण वाईट नव्हे; चांगली कथा सर्व भाषांत जावीच. प्रश्न इतकाच, की एका लेखकाची कथा चार भाषांत चार वाहिन्यांची संध्याकाळ भरते, तेव्हा त्या कमाईची वाटणी कोणत्या नियमाने व्हावी?

लेखकाला सामान्यतः प्रत्येक भागाचे ठरावीक मानधन मिळते आणि तेवढ्यावर व्यवहार संपला असे मानण्याची प्रथा आहे. कायदा मात्र तसे मानत नाही. २०१२ साली संसदेने स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती केली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिचा जोरदार पुरस्कार केला होता. चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीचा चित्रपटगृहाबाहेर जो वापर होईल, त्यातील स्वामित्वधनाचा समान वाटा मिळण्याचा लेखकाचा हक्क या दुरुस्तीने अबाधित ठेवला. लेखकाने सही करून तो सोडून देतो म्हटले, तरी तो सोडता येत नाही. वारस किंवा स्वामित्वहक्क संस्था यांनाच तो देता येतो. कायद्यातील ‘चित्रपट’ या शब्दाची व्याख्या व्यापक असल्याने मालिकाही तीत बसते. म्हणजे तत्त्वतः पुनःप्रक्षेपण हे लेखकाचेही उत्पन्न आहे. परंतु कायद्याने दिलेला वाटा आणि हातात पडणारा पैसा यांमध्ये मोजणी, वसुली आणि वाटप करणारी बळकट यंत्रणा लागते. ती नसेल तर हक्क हा कपाटात ठेवलेल्या मानपत्रासारखा होतो.

येथे मुद्द्याचा गाभा येतो. लेखक संपावर गेला असता त्याच्याविरुद्ध जे शस्त्र वापरले जाते, ते त्यानेच पूर्वी लिहिलेले असते. जुना भाग दाखवण्यास वाहिनीला काही द्यावे लागत नसेल, तर संपाच्या काळात वाहिनीचा खर्च घटतो आणि जाहिरातींचे काही ना काही उत्पन्न चालूच राहते. उलट, प्रत्येक पुनःप्रक्षेपणाला मोबदला द्यावा लागत असेल, तर साठा फुकटचा राहत नाही आणि वाटाघाटीच्या मेजावर दोन्ही बाजू काहीशा समान पातळीवर येतात. १९६० सालापासून अमेरिकेतील लेखक याच एका मुद्द्यासाठी पुनःपुन्हा लढत आले, त्याचे रहस्य हेच आहे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मालिकेचा निर्माता हा बहुधा वाहिनीचा कंत्राटदार असतो; मालिकेचे सर्व हक्क वाहिनीकडे जातात. ज्याच्याकडे हक्कच नाही, त्याने लेखकाला पुनःप्रक्षेपणाचा वाटा कोठून द्यावा? ही तक्रार रास्त आहे. पण तिच्यातून निष्कर्ष निघतो तो असा, की वाटाघाट निर्मात्याशी करून भागणार नाही. वाहिनीला तीत बसवले पाहिजे. दुसरा आक्षेप असा घेतला जातो, की बहुतेक मालिका तोट्यात जातात आणि थोड्याच चालतात. चालणाऱ्या मालिकेच्या नफ्यातून न चालणारीचा खर्च निघतो. हेही खरे आहे. परंतु पुनःप्रक्षेपणाचा वाटा हा चालणाऱ्या मालिकेवरच पडतो, कारण न चाललेली मालिका पुन्हा कोणी दाखवत नाही. जोखमीशी इतका सुसंगत मोबदला दुसरा शोधून सापडणार नाही.

संघटनेच्या बळावरच हे सारे मिळवावे, असे म्हणावे तर तेथेही वाट अरुंद झाली आहे. बंगालीत भाषांतरित केलेल्या ‘महाभारत’ मालिकेच्या प्रक्षेपणाला पश्चिम बंगालमधील कलाकार व तंत्रज्ञांच्या समितीने विरोध केला होता. त्या प्रकरणात मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कृत्य स्पर्धा कायद्याच्या कक्षेत आणले आणि समितीच्या विरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पर्धा आयोगाने मुंबईतील कर्मचारी महासंघाच्या काही प्रथाही स्पर्धाविरोधी ठरवल्या. संघटनांनी परभाषेतील कलाकृतीवर बहिष्कार घालावा हे योग्य नव्हेच. प्रेक्षकाचा निवडीचा अधिकार मोलाचा आहे. तथापि पर्यायी माल अडवता येणार नसेल, तर त्या मालाच्या वापरातून मिळणारा वाटा तरी निश्चित असला पाहिजे. दोन्ही मार्ग बंद करून बाजार खुला आहे असे म्हणण्यात अर्थ नाही.

उपाय शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. माथाड्याला एक मालक नसतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्यावर असे त्याचे काम. कोणत्याही एका व्यापाऱ्याकडे तो भविष्यनिर्वाह निधी मागू शकत नव्हता. कायद्याने मंडळे स्थापन केली. कामगार आणि व्यापारी दोघांचीही नोंदणी झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील आकार मंडळात भरावयाचा आणि मंडळाने मजुरी, रजा, निधी यांचा हिशेब करून कामगाराला द्यावयाचे, अशी रीत बसली. या मंडळांच्या कारभारात दोष शिरले नाहीत असे नाही. तरीही अनेक मालकांकडे विखुरलेल्या श्रमाला संरक्षण देण्याची ती एक मौलिक कल्पना होती आणि ती या मातीत सुचली.

मालिकेचा लेखकही असाच अनेक मालकांचा एकांडा कामगार आहे. वाहिन्या, निर्माते आणि लेखक यांची नोंदणी असलेले मंडळ. प्रत्येक पुनःप्रक्षेपणामागे आणि परभाषेतील प्रत्येक रूपांतरामागे ठरावीक आकार. तो मंडळात जमा होऊन श्रेयनामावलीप्रमाणे वाटप, असे त्याचे स्वरूप असू शकते. कोणता भाग किती वेळा दाखवला याची नोंद जाहिरातींच्या हिशेबासाठी वाहिन्या ठेवतातच. तेव्हा मोजणी अशक्य आहे ही सबब टिकत नाही. निर्मिती परराज्यात जाईल ही भीती मात्र खरी आहे; २०२१ च्या अनुभवाने ती सिद्ध झाली आहे. म्हणून आकार चित्रीकरणाच्या जागेवर नव्हे, तर प्रक्षेपणावर बसला पाहिजे आणि त्यासाठी केंद्राचा कायदा लागेल. दिवाणखाना हैदराबादला हलवता येतो. मराठी प्रेक्षक हलवता येत नाही.

प्रेक्षकाला यात काय, असे शिक्षक, कारकून वा विद्यार्थी विचारील. त्याचा संबंध अगदी थेट आहे. २०१९ पासून वाहिन्यांचे दर वेगवेगळे आकारले जातात. म्हणजे नवा भाग असो वा जुना, महिन्याचे पैसे तेवढेच द्यावे लागतात. फुकटच्या साठ्यावर वाहिनी जितकी अवलंबून राहील, तितका प्रेक्षक त्याच मालाची पुनःपुन्हा किंमत मोजत राहील. जुन्या भागालाही खर्च असेल, तर नवे काही लिहून घेणे वाहिनीला तुलनेने स्वस्त वाटू लागेल. उद्या हा प्रश्न अधिक तीव्र होणार आहे, कारण साठा आणि आयात यांच्या जोडीला आता संहिता लिहिणारे यंत्रही येऊन बसले आहे. अमेरिकेतील लेखकांनी २०२३ च्या करारात यंत्राला लेखक मानले जाणार नाही आणि लेखकावर त्याच्या वापराची सक्ती करता येणार नाही, ही कलमे घालून घेतली. आपल्याकडे अशा कलमांची चर्चाही अद्याप पुरेशी झालेली नाही.

१९८८ साली ‘रामायण’ मालिका लवकुशाच्या कथेपूर्वीच थांबणार, हे कळताच उत्तरेतील काही शहरांत सफाई कामगारांनी काम बंद केले होते आणि पुढे उत्तररामायणाचे भाग तयार झाले. दूरचित्रवाणीचे वेळापत्रक बदलण्याचे सामर्थ्य झाडू खाली ठेवणाऱ्यांत होते, लेखणी खाली ठेवणाऱ्यांत नव्हते. कारण कचऱ्याचा जुना साठा कोणालाही उपयोगाचा नसतो. लेखकाचा जुना साठा मात्र सोन्याच्या मोलाचा असतो, आणि त्याच्या दुर्बलतेचे मूळ त्याच मोलात आहे. ते मोल वाहिनीच्या हिशेबात जसे जमेला धरले जाते, तसे ते लेखकाच्या खात्यावरही दिसले पाहिजे. पुढचा संप होईल तेव्हा त्याची तड किती दिवसांत लागेल, हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून राहील.